अल्बिना कच्चं मांस घेऊन दुकानात गेली

अल्बिना क्रेनेकच्या तोंडाला फाटक नव्हतं. लहानपणी नव्हतं, लग्नात नव्हतं, आणि सत्तरी उलटली तरी देवाला ते बसवायला सवड झाली नव्हती. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. पोरांना डावाने वाढायची आणि तोंडाने झोडायची. एकदा मोठे सर आत येऊन म्हणाले, "अल्बिनाबाई, मुलांसमोर जरा भाषा सांभाळा." तर ही म्हणते कशी, "सर, तुम्ही जे बटाटे पाठवता ना, ते दुसऱ्या भाषेत शिजतच नाहीत." सर गेले ते पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. पोरं मात्र मोठी झाली, त्यांना पोरं झाली, तरी रस्त्यात दिसली की लांबून ओरडायची, "मिस अल्बिना, द्या ना एखादी शिवी!" आणि ती द्यायची. हात आखडून नाही कधी.

अशा बाईच्या गळ्यात देवाने बांधला कोण, तर लॅडिस. गरीब गाय. बोलायचं काम बायकोकडे आणि शिजवायचं काम आपल्याकडे, अशी त्याने पहिल्याच वर्षी वाटणी करून टाकलेली. टेक्ससातलं ते गाव चेक लोकांचं. पणजे-खापरपणजे बोटीने आलेले. अजून पोल्का नाचतात, कोलाचे नावाचे गोड पाव भाजतात, मेलेल्याच्या दगडावर चेक भाषेत नाव कोरतात. पण मांस शिजवायचं म्हटलं की सगळे टेक्ससचे. ब्रिस्केट म्हणजे त्यांचा देव. बैलाच्या छातीचं मांस ते. जनावर जन्मभर त्या छातीवर आपला भार पेलतं, म्हणून चिवट. घाईने शिजवलं तर त्यापेक्षा बूट बरा. पण ओकच्या लाकडाच्या धुरावर मंद आचेने दिवसभर ठेवलं की असं होतं, की दात नसलेला म्हाताराही दुसऱ्यांदा ताट पुढे करतो.

आणि ते लॅडिससारखं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला जमत नव्हतं. घरामागे त्याची लोखंडी भट्टी होती. गॅसची जुनी टाकी आडवी कापून त्याने स्वतः जोडलेली, रेल्वेच्या इंजिनाएवढी. चर्चच्या जत्रेला गावजेवण त्याच भट्टीवर व्हायचं. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा नवरदेव पहाटेपासून वऱ्हाडासाठीचं मांस सांभाळत बसला आणि तसाच चर्चमध्ये आला. सुटावर राख, डोळे लालभडक. अल्बिनाची आई रडायला लागली, की बाई गं, जावई पिऊन आला. पाद्री म्हणाले, "आज धूप जाळायला नको. नवरा मुलगा पुरेसा आहे."

पुढे अल्बिनाच्या पलंगाला, पडद्यांना, पोरांच्या पाळण्याला, सगळ्याला तोच वास. ती म्हणायची, "हा मेला तर पेटीत घालायची घाई करू नका. आतून-बाहेरून धुरावलेला आहे. पुढच्या जत्रेपर्यंत टिकेल."

मग एक दिवस तिने हा विनोद करायचं सोडलं.

लॅडिसची छाती बिघडली. रात्री श्वास शिट्टी वाजवल्यासारखा यायला लागला. डॉक्टर ह्यूस्टनहून नवीन आलेला, कोबी खाऊन वाढलेला दिसत होता. त्याने फोटो काढला, मान हलवली आणि सांगितलं, "लाकडाच्या धुरात उभं राहायचं नाही. आजपासून बंद. भट्टीसुद्धा नाही आणि शेकोटीसुद्धा नाही."

लॅडिस म्हणाला, "ठीक आहे."

दुसऱ्या आठवड्यात त्याचा धाकटा भाऊ बेनी ट्रक घेऊन आला. बेनी म्हणजे पोट पुढे आणि अक्कल मागे. म्हणाला, "दादा, भट्टी इथे पडून गंजेल. मी नेतो. जत्रेचं मी बघतो." लॅडिस म्हणाला, "ठीक आहे." दोघा-तिघांनी मिळून भट्टी साखळीने ओढून ट्रकवर चढवली. गवतात तिच्या पायांचे चार खड्डे राहिले. लॅडिस मागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या खड्ड्यांकडे तोंड करून बसला.

आणि बसलाच.

सकाळी कॉफी तिथे. दुपारी डब्यातलं सूप तिथे. अल्बिना म्हणायची, सूप खारट झालं का? ठीक आहे. पाऊस येतोय, आत चल. ठीक आहे. तिने शिव्या देऊन बघितल्या. चेकमधल्या दिल्या, इंग्रजीतल्या दिल्या, शेजारच्या मेक्सिकन बाईकडून दोन नवीन शिकून त्याही दिल्या. काही नाही. एरवी तो बोलायचा नाही, पण गालात हसायचा तरी. आता तेही नाही.

लोकांना वाटलं म्हातारा आराम करतोय. अल्बिनाला तसं वाटेना. तिच्या बापाने गुडघ्यांपायी गाई विकल्या, तेव्हा तोही असाच खुर्चीत बसला होता. त्याला काही आजार नव्हता. गवत पिवळं पडायच्या आत गेला. ती खुर्ची पण अशीच, वेताची. अल्बिना भांडी घासता घासता खिडकीतून लॅडिसची पाठ बघायची. मनात म्हणायची, ह्याला त्या खुर्चीतून उठवायचं. कसंही करून. लाथ घालून उठत असता तर तेही केलं असतं.

तेवढ्यात होईटच्या दुकानात विजेवरचे स्मोकर आले. होईटचं दुकान म्हणजे खिळ्यापासून शवपेटीच्या कडीपर्यंत सगळं मिळायचं. स्मोकर म्हणजे एक उभी लोखंडी पेटी, आत जाळ्या, खाली तापणारी तार, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांची बारकी ताटली. भिंतीला प्लग लावायचा. धूर पेटीच्या आत कोंडून राहतो, वरच्या भोकातून उदबत्तीएवढा बाहेर येतो. अल्बिनाने डॉक्टरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "दार उघडताना तोंड बाजूला ठेवा, मग चालेल." म्हणजे कोबीवाल्याचीही परवानगी मिळाली.

तिने लॅडिसला सांगितलं. लॅडिस कितीतरी दिवसांनी सबंध वाक्य बोलला. "प्लग लावून केस वाळवतात."

बेनी तर पोट धरून हसला. "वहिनी, त्याला फ्रिज म्हणतात, फ्रिज! बिघडून गरम झालेला! क्रेनेकांच्या घरात प्लगवालं ब्रिस्केट? आबा थडग्यात कूस बदलतील."

"बदलू दे. एका कुशीवर झोपून त्यांचं अंग आखडलं असेल," अल्बिना म्हणाली. "तू फक्त सांग, केवढा घेऊ?"

"घ्यायचाच नसतो, तर केवढा काय?"

मुलाला डॅलसला फोन केला. तो म्हणाला, "आई, सगळ्यात मोठा घे. पुढेमागे लागेल."

"पुढेमागे म्हणजे? तू येणारेस का जेवायला?"

तिकडून खाकरण्याचा आवाज आला.

"मग तुझ्या वाटणीची जागा धरू नको," म्हणाली आणि फोन ठेवला.

होईटने फोनवर सांगितलेलं, की दोन आकार आहेत, एक तीस इंची, एक चाळीस इंची. दोघा म्हाताऱ्यांना तीस इंची भरपूर. ब्रिस्केट लांबलचक असलं तरी काही तीस इंच नसतं, हे अल्बिनालाही कळत होतं. पण शाळेच्या स्वयंपाकघराने तिला एक शिकवलं होतं. भांडं केवढं आहे हे विकणाऱ्याला विचारायचं नाही. जे शिजवायचंय ते आत घालून बघायचं.

म्हणून तिने काय केलं, खाटकाकडून एक अख्खं ब्रिस्केट घेतलं, बिअरच्या बर्फपेटीत घातलं, आणि ती पेटी ओढत सरळ होईटच्या दुकानात शिरली.

दुकानात शुक्रवारची गर्दी. होईट काउंटरमागून म्हणाला, "मिस अल्बिना, सहलीला निघालात की काय?"

"तुझ्याच दारात सहल आहे. स्मोकर दाखव."

त्याने दाखवला. तीस इंची, काळा, काचेच्या दाराचा, चकचकीत. अल्बिनाने दार उघडलं, बर्फपेटीचं झाकण काढलं आणि आतून ते धूड उचललं. जाड प्लास्टिकमध्ये बंद होतं म्हणा, पण बर्फाचं पाणी गळायचं ते गळालंच. होईटचं तोंड उघडं ते उघडंच.

"अहो, अहो, हे काय? मिस अल्बिना! नवीन माल आहे तो!"

"बाबा, बूट घेताना पाय घरी ठेवून येतोस का तू?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अल्बिनाने मांस जाळीवर सरकवलं. अर्धं गेलं, पाऊण गेलं आणि अडलं. दारातून अर्धी वीत बाहेर लोंबायला लागलं, कुत्र्याने उन्हात जीभ काढावी तसं.

"तीस इंच म्हणालास ना?"

"तीस म्हणजे पेटीची उंची हो. बाहेरून," होईट रुमालाने जमीन पुसत म्हणाला. "पायांसकट. आतली जाळी त्याच्या निम्मी."

"म्हणजे माणसाची उंची टोपी घालून, टाचा उंचावून मोजायची. आणि बायकोला काय सांगायचं, सहा फूट आहे."

आता सगळं दुकान गोळा झालं होतं. होईटचे कान लाल झाले. तो म्हणाला, "तुम्ही असं करा, हा चाळीस इंची घ्या. बघा घालून, आता घातलंच आहे तर." तिने घातलं. ऐसपैस बसलं. शेजारी अजून एक मावलं असतं. होईट खूश झाला. "हे बघा! ह्यात काही करावंच लागत नाही. सकाळी ठेवा, बटण दाबा, आत जाऊन बसा. संध्याकाळी तयार. कुणी बघायला नको का काही नको."

अल्बिना त्या मोठ्या पेटीकडे बघत राहिली. कुणी बघायला नको. तिच्या डोळ्यांपुढे आपला व्हरांडा आला. एका बाजूला ही पेटी आपली आपण शिजवतेय, दुसऱ्या बाजूला वेताची खुर्ची, खुर्चीत लॅडिस. पेटी म्हणते, मला कुणी नको. लॅडिस म्हणतो, ठीक आहे.

तिने ब्रिस्केट ओढून बाहेर काढलं, परत बर्फात घातलं आणि झाकण लावलं.

"तो लहानवाला दे बांधून."

"मिस अल्बिना, त्यात बसत नाही! आत्ता सगळ्यांनी बघितलं!"

"मी पण बघितलं. डोळे अजून शाबूत आहेत माझे."

"मग घालणार कसं?"

"दोन तुकडे करून," अल्बिना म्हणाली.

दोघा-तिघांनी छातीवर क्रूस काढला. त्या भागात माणसाची बायको पळून गेली तर शेजारीपाजारी गरम जेवण आणून देतात. माणूस तुरुंगात जाऊन आला तरी चर्चमध्ये सरकून जागा देतात. पण कच्चं ब्रिस्केट आडवं कापून त्याचे दोन तुकडे केले असं कळलं, तर लोक रस्ता बदलतात. शिजल्यावर कापायचं, जेवणाऱ्यांच्या समोर. त्याआधी सुरी लागली ती फक्त चरबी साळायला.

एक म्हातारा शेतकरी टोपी काढून हलक्या आवाजात म्हणाला, "लॅडिसला माहीत आहे का?"

"सांगा की त्याला," अल्बिना म्हणाली. "मी कुठे लपवतेय?"

घरी आणून तिने पेटी व्हरांड्यात लॅडिसच्या खुर्चीशेजारीच मांडली. प्लग तिथेच होता, म्हणून. लॅडिसने पेटीकडे एकदा बघितलं, खुर्ची उचलली, फिरवली आणि पेटीकडे पाठ करून बसला. नवीन पेटी आधी रिकामी तापवून घ्यायची असते, म्हणजे कारखान्याचा वास जातो. ती तापवली. रबर जळाल्यासारखा भपकारा आला. लॅडिसने नाकपुडी आक्रसली. अल्बिनाने खिडकीतून बघितलं. म्हणाली, चला, नाक तरी जिवंत आहे.

शनिवारी सकाळी तिने व्हरांड्यातच टेबल मांडलं. ब्रिस्केट काढलं, पुसलं, मीठ आणि मिरी चोळली. चोळता चोळता मोठ्याने म्हणाली, "थोडी साखर पण लावते. आणि टोमॅटोचा सॉस."

ब्रिस्केटला मीठ-मिरीपलीकडे काही लावणं लॅडिसच्या लेखी पाप होतं. खुर्ची करकरली. पण पाठ तशीच.

मग तिने मोठी सुरी काढली. शाळेतून निवृत्त होताना बायकांनी दिलेली, हातभर लांब. ती दगडावर घासली. खर्र, खर्र, खर्र. मांसाच्या बरोबर मध्यावर पातं ठेवलं.

"इथून कापू का जरा अलीकडून?" ती हवेला विचारल्यासारखं म्हणाली. "काय फरक पडतो म्हणा. मांस ते मांस."

"अल्बिना."

"काय?"

"सुरी खाली ठेव."

"का? पेटीत मावत नाही. मला नीट मापाची घ्यायची अक्कल नव्हती. आता कापायला नको?"

"खाली ठेव म्हणतो ना!"

आणि लॅडिस उठला. खुर्ची मागे कलंडली, इतक्या जोरात उठला. एवढ्यानेही त्याला धाप लागली, टेबलाला धरून थोडा वेळ नुसता श्वास घेत उभा राहिला. तोंडापर्यंत आलेला शब्द अल्बिनाने गिळला. जन्मात पहिल्यांदा गिळला असेल. मग त्याने तिच्या हातातून सुरी काढून घेतली, मांस पालथं-उताणं करून बघितलं, आणि पेटीच्या जाळीवर वीत टेकवून माप घेतलं.

"पाव भाजायचा डबा आण. लांबट."

"कशाला?"

"आण."

तिने आणला. त्याने तो जाळीवर पालथा घातला आणि ब्रिस्केट त्याच्यावर टाकलं, घोड्यावर खोगीर टाकतात तसं. मध्ये उंच, दोन्ही बाजूंना खाली उतरलेलं. जाळी आत सरकवली. दार लागलं.

"शिजताना आकसतं ते," तो म्हणाला. "दुपारी आपोआप जाळीच्या मापाचं होईल. मग डबा काढून घ्यायचा, सपाट ठेवायचं. कापायचं काय, कापायचं! इतकी वर्षं माझ्या घरात राहून..."

"मला काय ठाऊक? मी बटाट्यांची बाई."

"आणि चरबी खाली. भट्टीत वर ठेवायची, इथे तार खाली आहे. जिकडून आच तिकडे चरबी." मग त्याने होईटने दिलेली ढलप्यांची पिशवी उघडली, चिमूटभर हातात घेऊन हुंगली. "हा भुसा आहे. हे कोण जाळतं?" आणि गॅरेजमध्ये गेला. आपल्या पायाने. जुन्या ओकचा एक ओंडका घेऊन आला आणि खिशातल्या चाकूने त्याच्या ढलप्या काढत बसला. पेटीकडे तोंड करून.

मग दिवसभर नुसता तमाशा. अल्बिनाने जरा दार उघडलं की, "लाव ते! सगळी आच गेली!" तिने जरा वेळाने परत उघडलं. "अगं बाई, तुला काम नाही का दुसरं?" नव्हतंच. ती मुद्दाम उघडायची. प्रत्येक वेळी तो ओरडायचा आणि तिच्या कानाला इतकं गोड लागायचं, की चर्चमधला बाजा काय वाजेल.

दुपारी डबा निघाला. लॅडिस म्हणाला तसंच झालं होतं, मांस आकसून जाळीत चपखल बसलं.

संध्याकाळी बेनी आला. होईटच्या दुकानातली हकीकत गावभर झाली होतीच. बरोबर पातेलंभर स्वतःचं मांस घेऊन आला, "न जाणो, खाण्यासारखं नसलं तर" म्हणून. लॅडिसने ब्रिस्केट फळीवर घेतलं आणि काप काढले. कांदा, लोणच्याची काकडी, पांढरा पाव, बटाट्याची कोशिंबीर, सगळं मांडलेलं. बेनीने एक काप काट्याने उचलून उजेडात धरला.

"धुराची गुलाबी कड कुठाय ह्याची? दादा, तुझ्या मांसाला कड नाही!"

खरं होतं ते. भट्टीच्या धुराने मांसाला आतून गुलाबी कड येते, तीच तिकडे कसबाची खूण; विजेच्या पेटीत ती धरतच नाही. अल्बिनाने लॅडिसकडे बघितलं. वाटलं, झालं, आता परत ठीक आहे म्हणतो का काय.

लॅडिस म्हणाला, "बेनी, तू कड बघायला आलास की जेवायला? बघायचं असेल तर बाहेर उभा राहा, खिडकी मोठी आहे."

बेनी बसला. एक काप खाल्ला. दुसरा खाल्ला. मग अख्खं ताट फस्त केलं. आपल्या पातेल्याचं झाकण त्याने काढलंच नाही. "बरं आहे," म्हणाला. "भट्टीसारखं नाही. पण बरं आहे."

"भट्टीसारखं नाहीच," लॅडिस म्हणाला. "पण तू भट्टीत करतोस तेही भट्टीसारखं नसतं. ईस्टरला खाल्लं मी. तू दार उघडं टाकून बिअर पीत बसतोस. पुढच्या वेळी खुर्ची घेऊन येतो तिथे, वारा येतो त्या बाजूला, धुरापासून लांब बसतो आणि सांगतो. हात तुझे, डोकं माझं."

बेनीने तोंडात बटाटा असताना अल्बिनाकडे पाहिलं. "वहिनी, खरं सांग. तू खरंच कापणार होतीस ते?"

"कापणार होतेच की. सुरी काय हवा खायला काढली होती?"

लॅडिस फळीवरचं शेवटचं मांस खरवडत होता. खरवडता खरवडता त्याने पेटीकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"पण ही पेटी लहान आहे," म्हणाला. "अल्बिना, तुला एवढंसुद्धा कळलं नाही? ह्यात एक ब्रिस्केट, तेही खोगिरासारखं टाकून. पाहुणे आले तर काय, त्यांना हुंगायला देऊ?"

"चुकलंच बाई माझं," अल्बिना म्हणाली आणि त्याच्या ताटात अजून एक डाव बटाटे घातले. आणि गालात हसली.

सोमवारी सकाळी लॅडिस ट्रकच्या चाव्या शोधत होता. चाव्या मिळाल्या, तशी अल्बिना बर्फपेटी मांडीवर घेऊन ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसली. आत नवं ब्रिस्केट, खाटकाकडचं सगळ्यात लांब. होईटने काचेतून दोघांना ट्रकमधून उतरताना बघितलं, आणि मुकाट्याने कालची वर्तमानपत्रं उचलून मोठ्या स्मोकरच्या पुढ्यात जमिनीवर पसरायला लागला.